इंचात आठ

ओझरला एकतीस वर्षं विमानाच्या सीटा शिवल्या.
इंचात आठ टाके. सात नाही, नऊ नाही.
खैरनारसाहेब भिंग घेऊन वाकायचे,
आणि चुकलं की लाल चिठ्ठी
माझ्याच टाचणीने माझ्याच शिवणीला लटकवायचे.

आता शनिवारी सकाळी, मखमलाबाद नाक्याच्या शाळेत
सतरंजीवर अकरा पोरं बसतात.
दोरा ओवायच्या आधी टोकाला थुंकी लावायची,
एवढं मात्र कुणालाच शिकवावं लागलं नाही.

कापड घरून आणा म्हटलं, तर आलं ते असं:
सातपूरच्या कंपनीचा खाकी शर्ट, खिशावरचं नाव उसवलेला,
आईची नायलॉनची साडी
(ती सुईखालून पळते, सांगितलं होतं),
द्राक्षबागेवरच्या जाळीचा तुकडा,
मुजम्मिलने लॉजच्या पडद्याची कड,
हर्षल गांगुर्डेने पडलेल्या उमेदवाराचा झेंडा.
चालेल का?
चालेल. गोधडीत सगळे निवडून येतात.

रुंजी सुरगाण्याकडची.
बाप गंगापूर रोडला, बारा मजली बांधकामावर.
बोलत नाही फारशी. शिवते मात्र
भर बाजारातून शेळी चालावी तशी:
इथे थांब, तिथे तोंड घाल, मग एकदम लांब उडी.
एकदा उठली तर गोधडी तिच्यासोबत उठली.
मांडीवर घेऊन शिवताना फ्रॉकही शिवून टाकला होता.
हसून हसून पोरांच्या हातून सुया पडल्या.
(अकराच्या अकरा सापडल्या.
मोजल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.)

त्या रात्री गोधडी घरी नेली, दिव्याखाली पसरली.
टीव्हीवर निफाडचा पारा साडेचारवर,
बागांत शेकोट्या.
हात शिवशिवले.
रुंजीची ओळ उसवली. एक वीत, मग दुसरी.
आणि घातली आपली,
इंचात आठ, इंचात आठ, सरळ
ओझरच्या धावपट्टीसारखी.
झोप छान लागली.

पुढच्या शनिवारी तिने कड हातात घेतली,
अंगठा फिरवला,
नागलीचं कणीस भरलंय का बघतात तसा.
"हे माझं नाही."
काय नाही?
"इथं मला मुंगी चावली होती.
इथं सुई टोचली, तवा मोठा टाका पडला.
त्यो कुठंय?"

अकरा तोंडं माझ्याकडे वळली.
खैरनारसाहेबांपुढे कधी
घसा असा कोरडा पडला नव्हता.
कात्री मागितली. तिनेच दिली,
मुठीकडून, शिकवल्याप्रमाणे.
सगळ्यांसमोर मी माझे टाके काढले,
एकेक. घट्ट होते. वेळ लागला.
खिचडीची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

कापडावर बारीक भोकांची रांग उरली.
ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या.
शेजारून नवी ओळ काढली,
वाकडीच, पण आधीसारखी नाही.
आधीची ती गेलीच.

आता गोधडी हजेरीच्या क्रमाने घरोघर जाते,
एकेकाकडे आठवडाभर.
हर्षलकडून आली ती मिसळीच्या तर्रीचा डाग घेऊन,
बापाची गाडी आहे, धुऊनही गेला नाही.
मुजम्मिल म्हणाला, आमच्याकडे चौघं मावलो,
पाय तेवढे बाहेर राहिले.
रुंजीकडून सिमेंटची बारीक पूड आली, झटकली की उडणारी.
आणि ओवीकडून आली तेव्हा
झेंड्यावर एक बटण जास्तीचं होतं,
कशालाच न लागणारं,
चारपैकी तीनच भोकांतून दोरा गेलेलं.
विचारलं तर म्हणाली, छान दिसतं.

हात शिवशिवले.
मी ते गोधडीखाली घालून बसलो.